पिळाचं मशीन

लोखंडाचा भाव नक्की कोण ठरवतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि मी तो भाव कित्येक वर्षं रोज सकाळी फोनवर घेऊन पाटीवर लिहीत होते, म्हणजे बघा.

अंबडच्या एमआयडीसीत सळया बनवणारी एक रोलिंग मिल होती, तिच्या ऑफिसात मी कामाला होते. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. सिव्हिलचा डिप्लोमा हातात होता, पण साइटवर मुलगी नको, असं दोन-तीन बिल्डरांनी तोंडावर सांगितलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, त्या मिलमध्ये आधीपासून होते. त्यांनी शेठच्या कानावर घातलं. शेठ म्हणाले, "येऊ दे. लोखंड समजणारं कोणीतरी ऑफिसात पाहिजेच." लोखंड समजण्याशी त्या कामाचा काही संबंध नव्हता, हे मला पहिल्याच सकाळी कळलं. काम होतं फोन लावण्याचं.

आधी जालना लावायचा. भंगार वितळवून त्याच्या लगडी ओतणाऱ्या भट्ट्या तिकडे होत्या. त्या लगडी आणून, पुन्हा तापवून, आमची मिल त्यांच्या सळया लाटायची. जालन्याचा माणूस म्हणायचा, "थांबा, कळंबोलीचा अजून निघाला नाही." कळंबोलीच्या लोखंडबाजारात लावला की तिथला म्हणायचा, "पंजाबचा येऊ द्या." पंजाबात आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं, पण तिथलाही माणूस कुणाची तरी वाट बघत बसलेला असणार, याची मला खात्री होती. मग केव्हातरी, कुठूनतरी आकडा यायचा आणि सगळीकडे तोच असायचा. मी एकदा शेठना विचारलं, "पण हा आकडा पहिल्यांदा बोलतं कोण?" शेठनी चहाची बशी खाली ठेवली, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ते मला कळलं असतं तर मी इथे बसलो असतो का?"

त्यानंतर शेजारच्या मिलचे फोन. आमच्या रस्त्यावरच आणखी मिल होत्या आणि सगळे शेठ एकमेकांच्या घरच्या लग्नांना जाणारे. फोनवर मात्र "तुमचा काय?", "तुम्ही बोला आधी", "छे, आम्ही अजून ठरवलाच नाही", असं बराच वेळ चालायचं. शेवटी दोघंही एकच भाव सांगायचे आणि फोन ठेवल्या ठेवल्या आपापल्या गिऱ्हाइकाला त्यातला थोडा सोडून द्यायचे. कळवणचा एक दुकानदार सगळ्याच मिलना फोन करायचा, त्यामुळे कोणी किती सोडला ते त्याला सगळ्यात आधी कळायचं, आमच्या शेठना सगळ्यात शेवटी. याला स्पर्धा म्हणतात, असं मी पुढे पेपरात वाचलं.

या सगळ्या धावपळीच्या खूप वर मोठ्या कंपन्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या खाणी, स्वतःची वीज, रेल्वेचे रूळ थेट कारखान्यात गेलेले. त्यांचं लोखंड मातीतून निघायचं, आमचं मोडक्या खाटा आणि जुन्या जहाजांतून. त्यांनी भाव हलवला की आम्ही हलवायचा. आम्ही हलवला तर त्यांना पत्ताही लागायचा नाही. तरी आमचं बरं चाललं होतं, कारण खेड्यापाड्यात घर बांधणाऱ्याला मोठ्या कंपनीची सळई ठाऊक नव्हती. घोटी, त्र्यंबक, कळवण, इकडे सगळा माल आमच्यासारख्यांचाच जायचा. त्या मालाला पीळ असायचा, आणि पीळ देणं हे आबांचं काम होतं.

पीळ म्हणजे काय ते सांगते. लाल लाटून बाहेर आलेली सळई गार झाली की ती पिळाच्या मशीनवर जायची. लांबलचक लोखंडी बाकासारखं ते मशीन होतं. एका टोकाला सळई जबड्यात घट्ट धरायची, दुसऱ्या टोकाने मोटर तिला फिरवायची. सळईवरच्या उभ्या कडा गोल गोल वळत जायच्या आणि अंगावरचा काळा पापुद्रा झडून खाली पडायचा. थंड लोखंडाला असा पीळ दिला की ते जास्त ताण सोसतं, हे झालं पुस्तकातलं. आबांचं म्हणणं वेगळं होतं. लोखंडात आत काही खोट असेल, भंगारात भलतंच काही मिसळलेलं असेल, तर ती सळई तिथेच, मशीनवरच, कडकन तुटायची. "पीळ खाल्ला म्हंजे पास," असं ते म्हणायचे. तुटली ती बाजूला जायची आणि टिकली ती गठ्ठ्यात. शेठ मोठं गिऱ्हाईक आलं की त्याला आत आणून आधी ते मशीन दाखवायचे आणि आबा उगाच जरा ताठ उभे राहायचे.

सातपूरच्या आमच्या कॉलनीत कुणी वरची खोली काढायची ठरवली की आबांना बोलावणं यायचं. कॉलनीतल्या विहाराचा स्लॅब टाकला तेव्हा सळया उतरवून घ्यायला तेच उभे होते. शिकलेली मी होते, डिप्लोमा माझा होता, पण "ताई, जरा बघता का?" असं मला कुणी म्हटलं नाही. मला त्याचा राग यायचा, आणि आबांचा अभिमानही वाटायचा. घरी आले की त्यांच्या भुवयांत काळी पूड अडकलेली असायची. आई म्हणायची, "मिल तिथंच ठेवून येत जा की कधीतरी." ते हसायचे आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुवायचे.

मी ऑफिसात लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. घोटीकडच्या गावातून ते तरुणपणी नाशिकला आले आणि थेट त्या मशीनवर उभे राहिले. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि येत नाही याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं.

मग भिंती रंगायला लागल्या. एसटी स्टँडच्या, शाळांच्या, त्र्यंबक रस्त्यावरच्या रसवंतीच्या, दिसेल त्या भिंतीवर मोठ्या कंपनीच्या सळईची जाहिरात. टीएमटी हा शब्द पोरांच्या तोंडी बसला. यात लाल सळई मिलमधून बाहेर पडताक्षणी तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. वरचा थर कडक होतो, आतला गाभा मऊ राहतो. ताकद त्यातूनच येते, पीळ लागत नाही. कंपनीची माणसं गावोगाव हिंडून गवंड्यांच्या सभा घ्यायची. त्र्यंबकला एका मंगल कार्यालयात त्यांनी गवंड्यांना श्रीखंड-पुरीचं जेवण घातलं आणि प्रत्येकाला टोपी दिली. दुसऱ्या दिवसापासून टोपी घातलेले गवंडी आमच्या दुकानदारांकडे टीएमटी मागायला लागले. आमच्या शेठनी आयुष्यात कुठल्या गवंड्याला चहासुद्धा पाजला नव्हता. ते म्हणाले, "अरे, गवंड्यांना कशाला विचारायचं असतं?" विचारायचं असतं, हे समजेपर्यंत घोटीची निम्मी दुकानं गेली होती.

शेवटी शेठनीही पाण्याचे पाइप बसवले, मोठी टाकी बांधली, पंप आणले. आमचीही टीएमटी सुरू झाली. ज्या दिवशी पहिली सळई पाण्यातून वाफाळत बाहेर आली त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. आबांनी पेढा घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि मशीनची मोटर बंद करून तिच्यावर पोतं टाकलं.

त्यांना गठ्ठे बांधायला लावलं. ते काम पेठ-सुरगाण्याकडून भात कापून झाल्यावर येणाऱ्या ठेक्याच्या मजुरांचं होतं. तारेने गठ्ठा आवळायचा, पीळ मारायचा, पुढचा. कुणालाही जमणारं काम. शेठ मला एकदा म्हणाले, "आबांना मी काढणार नाही. पण..." ठेक्याचा मजूर हंगामापुरता असतो, आबा कायमचे होते, म्हणजे त्यांचा पगारही बारा महिन्यांचा. मशीन बंद राहिलं तर आबा तिथे फार दिवस राहणार नाहीत, हे शेठना, मला आणि आबांना, तिघांनाही ठाऊक होतं. घरात आम्ही त्यावर बोलत नव्हतो. आई विचारायची, "कसं चाललंय?" आणि आम्ही दोघं एकदमच म्हणायचो, "बरं चाललंय."

मशीन पुन्हा सुरू केलं ते कळवणच्या दुकानदाराने.

एका सकाळी मी भाव सांगायला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, ते तुमचं टीएमटी भारी हाय म्हनत्यात, पन त्याला पीळ कुठं हाय? गिऱ्हाईक हात फिरवतंय अन् परत जातंय."

"काका, टीएमटीला पीळ नसतोच."

"असं कसं? पीळ नाय तर ताकद कुठून यायची? लोकास्नी टीएमटी बी पायजे अन् पीळ बी पायजे. घ्या, हे समोरच हाय एक गिऱ्हाईक." आणि फोनमधून लांबून एका म्हाताऱ्या माणसाचा अहिराणीत आवाज आला, "पीळ शे का?"

मी हसले. शेठना सांगितलं तेव्हाही हसत सांगितलं. त्यांनाही हसू आलं. मग मी दुकानदाराचं पुढचं वाक्य सांगितलं, की पलीकडची मिल पीळ घातलेली टीएमटी द्यायला लागली आहे म्हणे. शेठ हसायचे थांबले. खिडकीतून त्यांनी पलीकडच्या मिलच्या गेटकडे बघितलं, जसं काही ती पिळाची टीएमटी तिथे भिंतीला टेकून उभी असणार होती. दुपारी त्यांनी आबांना बोलावून सांगितलं, मशीन चालू करा.

त्या संध्याकाळी आबा जिलेबी घेऊन घरी आले. भुवयांत काळी पूड होती. आई आनंदाने म्हणाली, "आज मिल आली वाटतं परत." मी ताटावर बसले होते आणि मला ते बोलल्याशिवाय राहवेना.

"आबा, टीएमटीला पीळ द्यायचा नसतो."

"का?"

"तिचा वरचा थर पाण्याने कडक झालेला असतो. तो पीळ सोसत नाही. आतल्या आत चिरा पडतात. पुस्तकात सरळ दिलंय, की ही सळई थंड झाल्यावर पिळायची नाही."

आबांनी घास गिळला. "मशीनवर वेगळी वाजते खरी. लय हट्टी हाय. पन तुटत नाय. सकाळपासून एक बी तुटली नाय, बघ. पीळ खाल्ला म्हंजे पास."

"हिला तो नियम लागू नाही."

"मग कुनाला लागू हाय?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. जिलेबीचा तुकडा माझ्या ताटात टाकला. आईने मला डोळ्यांनी दटावलं. ती काय म्हणत होती ते मला पुरेपूर कळत होतं.

पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन शेठसमोर उभी राहिले. शेठनी चष्मा लावून ती ओळ वाचली. म्हणाले, "तुझं बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. आता हे कळवणला सांग." मी कळवणला फोन लावला. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाय ताई तुमचं," तो म्हणाला, "आता हे तुमी गिऱ्हाइकाला सांगा. मी सांगून दमलो. त्याचा बाप पिळाची घ्यायचा, तो बी पिळाचीच घेनार. मी नाय दिली तर शेजारचा देतो." मी शेठना म्हटलं, आपण सगळ्या मिलवाल्यांनी मिळून ठरवलं तर? रोज सकाळी एकच भाव ठरवता, तसंच एक हे ठरवा. शेठनी खरंच शेजारच्या मिलला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही बंद करा आधी, मग आम्ही करतो." आमच्या शेठनी तेच वाक्य त्यांना परत ऐकवलं. फोन ठेवला.

सगळ्यांना पटलेलं होतं. मिलवाल्याला, दुकानदाराला, आबांनाही आत कुठेतरी. एकानेही मला खोटं पाडलं नाही. कुणी मला वेड्यात काढलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. सगळे मान डोलवत होते आणि मशीन चालू होतं. आणि खरं सांगते, ते चालू आहे याचा मला आनंदही होत होता, कारण आबा पुन्हा सायकल दामटत कामाला जायला लागले होते. हा आनंद मला पटत नव्हता, पण होत होता.

पावसाळ्याच्या आधी त्र्यंबकहून एक ट्रक परत आला. तिथे एका धर्मशाळेचं बांधकाम चाललं होतं. कॉलमला घालायच्या रिंगा वाकवायला कामगारांनी सळया घेतल्या आणि त्या वाकवताना एकामागून एक तुटायला लागल्या. नशिबाने कुणाला लागलं नाही. ठेकेदार स्वतः ट्रकबरोबर आला होता आणि आमच्या गेटवर उभा राहून सगळ्या एमआयडीसीला ऐकू जाईल असं बोलत होता. शेठनी त्याला ऑफिसात नेलं, सरबत मागवलं, माल बदलून देतो म्हणाले.

आबा ट्रकपाशी आले. त्यांनी एक तुटका तुकडा उचलला, तुटलेल्या जागेकडे बघितलं, दुसरा उचलला. मी बाहेर आले. सळईच्या कडेला, पीळ जिथे वळला होता तिथे, केसासारखी चीर होती. मी ती नखाने दाखवली. नीट उजेडात धरल्याशिवाय दिसायचीही नाही.

"मशीनवर तुटली नाय ही," आबा म्हणाले.

"हो आबा."

"मी सोता पिळलीय. तुटली नाय."

"चीर तिथेच पडली. तुटली नंतर."

ते तुकडा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला वाटलं होतं ते चिडतील, माझ्यावर, नाहीतर भंगारावर, नाहीतर जालन्याच्या लगडींवर ढकलतील. त्यांनी कुणावरच ढकललं नाही. इतकी वर्षं ज्या मशीनच्या शब्दावर ते गठ्ठे पुढे पाठवत होते, ते मशीन त्यांच्याशी खोटं बोललं होतं आणि हे आता कुणाला सांगायचं ते त्यांना समजत नव्हतं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पीळ बंद झाला. बाकी माल परत मागवा, असं मी शेठच्या मागे लागून दुकानदारांना फोन करवले. कळवणचा म्हणाला, "कुठनं आनू? सगळा स्लॅबात गेला." सळई स्लॅबात गेली की गेली, वरून सिमेंट आलं की ती कुणाची होती, कशी होती, काही दिसत नाही. ती घरं धड उभी आहेत असं मी धरून चालते. आजही तिकडे कुणाच्या लग्नाला गेले की मी आधी छताकडे बघते, मग नवरीकडे. त्याने काय होतं? काही होत नाही.

मशीनवर पुन्हा पोतं आलं. आबा परत गठ्ठे बांधू लागले, पण सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी जाऊन मशीनला तेल-पाणी करायचे. शेठनी बघितलं, पण त्यांना अडवलं नाही. कुठल्यातरी खेड्यातून जुन्या पद्धतीच्या साध्या पिळाच्या सळईची मागणी येईल, असं आबांना वाटत होतं. अधूनमधून यायचीही. एखादा गठ्ठा, दोन गठ्ठे. त्या दिवशी ते मशीन चालवायचे आणि नंतर कापडाने पुसून ठेवायचे.

आणि मग चीन आला. दोन हजारनंतर तीन-चार वर्षांनी असेल, सगळ्यांच्या तोंडी तेच. चीन लोखंड उचलतोय, तिकडे मोठमोठ्या खेळांची तयारी चालली आहे, रस्ते, पूल, स्टेडियम. नाशिकमधल्या गटारांवरची लोखंडी झाकणं चोरीला जायला लागली आणि लोक म्हणायचे, चीनला गेली. मी सकाळी पाटीवर भाव लिहायचे आणि दुपारी तो पुसून नवा लिहायचे. पेपरात यायचं की देशाच्या पोलाद उद्योगाला सोन्याचे दिवस आले, मागणी वाढतच जाणार, नवे कारखाने येणार. शेठ तो पेपर घडी घालून बाजूला ठेवायचे. आमच्याकडे सोनं कुठे पोहोचत नव्हतं. जालन्याच्या लगडी आदल्या दिवशीच्या भावाने मिळायच्या नाहीत आणि आमच्या सळया दुसऱ्या दिवशीच्या भावाने जायच्या नाहीत. मोठ्या कंपन्या आता बिल्डरला थेट माल द्यायला लागल्या होत्या. वाढ होत होती, ती आमच्या डोक्यावरून चालली होती.

त्या दिवसांत भंगाराला असा भाव आला की लोक चालती यंत्रं विकायला काढू लागले. एका सकाळी मी जालन्याचा फोन ठेवला आणि पाटीवर भंगाराचा आकडा लिहिला. शेठनी तो वाचला. मग खिडकीतून शेडकडे बघितलं. मी त्यांच्या नजरेच्या दिशेने बघितलं आणि माझ्या हातात खडू तसाच राहिला. ते म्हणाले, "बेटा, ते मशीन उभं राहून जेवढं देत नाही, तेवढं आडवं होऊन देईल." त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. हिशेब बरोबर होता. तो आकडा मीच लिहिला होता आणि मी पुसला असता तरी तो तसाच राहिला असता.

भंगारवाले गॅस कटर घेऊन आले तेव्हा आबांनी त्यांना अडवलं. "कापू नका, मी खोलून देतो." भंगारवाला म्हणाला, "आबा, वितळायचंच आहे ना? खोललं काय, कापलं काय." आबांनी ऐकलं नाही. पाने घेऊन बसले आणि एकेक नट सोडवून ते मशीन खोलत गेले. नट-बोल्ट एका डब्यात नीट ठेवत होते, जसं काही ते मशीन कुठेतरी पुन्हा जोडायचं होतं. भंगारवाले विड्या ओढत थांबले. मी खिडकीशी होते. मला खाली जाऊन त्यांच्या हातातला पाना काढून घ्यायचा होता, पण मग काय करायचं होतं ते मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात कळवणचा फोन आला, आज काय निघाला म्हणून. मी भाव सांगितला. परत येऊन बघितलं तर ट्रक भरला होता आणि भंगारवाल्याने तो नट-बोल्टचा डबाही वजनात धरून वर फेकला होता.

पुढच्या उन्हाळ्यात शेठनी लगडी तापवायची भट्टी विझवली. ते मोठ्या कंपनीचे एजंट झाले. मिलचं गोडाऊन झालं आणि मी तिथेच राहिले. आता जालना नव्हता, कळंबोली नव्हती. कंपनीकडून फॅक्स यायचा, त्यावरचा आकडा पाटीवर उतरवायचा. शेजारच्या शेठना "तुमचा काय?" विचारायची सोय उरली नव्हती, कारण त्यांच्याकडेही तोच फॅक्स यायचा. आमच्या शेठना त्या फोनची आठवण येत असावी, असं मला वाटायचं. पूर्वी निदान एकमेकांना फसवायला मिळत होतं.

आबांना गंगापूर रोडला एका बिल्डिंगच्या साइटवर वॉचमनचं काम मिळालं. दिवसपाळी. नाशिक तेव्हा वर वर चाललं होतं, जिथे द्राक्षाचे मळे होते तिथे स्लॅब टाकले जात होते. एकदा आमच्याकडचा माल त्याच साइटवर गेला आणि चलनावर सही घ्यायला शेठनी मला पाठवलं. पूर्वी साइटवर मुलगी नको म्हणालेल्यांपैकी एक बिल्डर हाच. आता मला ओळखलंही नाही त्याने. आबा खाकी शर्टात होते, तो त्यांना खांद्यावर मोठा होत होता. माणसं गठ्ठे उतरवत होती. लोखंड बांधणाऱ्या एकाने लगेच सळई घेऊन रिंगा वाकवायला सुरुवात केली होती. आबा त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसले होते.

मी गेले तर त्यांनी एक तयार रिंग माझ्यासमोर धरली. चारही कोपरे व्यवस्थित वळलेले, कुठे चीर नाही.

"चांगला माल हाय," ते म्हणाले. "वरनं कडक अन् आतनं मऊ. तू म्हनली व्हतीस तसाच. पीळ लागतच नाय याला."

हे वाक्य मी त्यांना किती वेळा, किती तावातावाने सांगितलं होतं. तेव्हा ते ऐकत नव्हते, म्हणून मी चिडत होते. त्या दुपारी मला वाटलं, आबा, भांडा ना माझ्याशी. म्हणा की पुस्तकं खोटी असतात, कंपन्या लबाड असतात, पिळाशिवाय लोखंडाला अर्थ नाही. मी हरायला तयार होते. ते रिंगेकडे कौतुकाने बघत होते आणि मनापासून बघत होते, हे मला सहन होईना.

"हो आबा," मी म्हटलं.

गेटवर दुसऱ्या ट्रकचा हॉर्न वाजला. त्यांनी रिंग त्या कामगाराला परत दिली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि साखळी काढायला गेले.